अंगणातला लाल डाग आणि दीड लाखाचा अंदाज

पत्र थोडक्यात: आम्ही चिपळूणजवळ राहतो. घरी 2017 ची सात आसनी डिझेल गाडी आहे. सहा गिअरची ऑटोमॅटिक, रिअर व्हील ड्राइव्ह, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपासून गाडी उभी असते तिथे फरशीवर, पुढच्या सीटांच्या खाली येईल अशा जागी, लालसर तेलाचा बशीएवढा डाग पडतो. एका गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन पाहिली तर गिअरबॉक्सचं चेंबर, म्हणजे तळाचं तेलाचं पात्र, पूर्ण ओलं होतं. त्यांनी गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करायला सांगितलं, खर्च साधारण दीड लाख. दुसरे मिस्त्री म्हणाले, लीक थांबवणारं औषध टाका आणि वापरत राहा. गाडी नीट चालते, डॅशबोर्डवर कसलाच दिवा नाही. फक्त सकाळी रिव्हर्स टाकला की दोनेक सेकंद थांबून मग मागे येते. सासऱ्यांना महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी अडून चालणार नाही. कंपनीच्या पुस्तकात हे तेल बदलायची गरज नाही असं आहे, म्हणून आम्ही त्याला कधी हात लावला नाही. मार्चमध्ये गाडी समोरून किरकोळ ठोकली तेव्हा रेडिएटर बदलला, बाकी गाडीला काही झालेलं नाही. दीड लाख घालावेत, औषध टाकावं, की गाडी विकून टाकावी?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, सहज लिहून टाकलंय: मार्चमध्ये रेडिएटर बदलला. डाग त्यानंतर सुरू झालाय. दोन्हींचा संबंध असेलच असं गाडी न पाहता म्हणता येणार नाही. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी तो तपासायलाच हवा, आणि दोन्ही ठिकाणी तो कुणी तपासल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे पोचवतं, दाबाखाली आतले क्लच तेच आवळतं आणि तिथली उष्णता बाहेरही तेच काढतं. ते गार व्हावं म्हणून बहुतेक गाड्यांत दोन नळ्या गिअरबॉक्सपासून पुढे जातात. रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरला, किंवा रेडिएटरच्या पुढे असलेल्या वेगळ्या छोट्या जाळीला, त्या जोडलेल्या असतात. रेडिएटर बदलताना या नळ्या बहुधा सोडवाव्या लागतात. मग तीन गोष्टी होऊ शकतात. नळीत आणि कूलरमध्ये असलेलं तेल सांडतं. उष्णतेने कडक झालेला जुना रबरी पाइप आणि सैल पडलेली जुनी क्लिप परत तशीच चढवली जाते. आणि या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, नसेल, तर सांडलेलं तेल भरून काढायचं राहून जातं. म्हणजे तुमची गाडी मार्चपासूनच थोड्या कमी तेलावर चालत असण्याची आणि ही कमतरता रोज वाढत असण्याची शक्यता आहे. सकाळी रिव्हर्सला लागणारा उशीर या चित्रात बसतो. (काही गाड्यांत कूलर गिअरबॉक्सलाच चिकटवलेला असतो आणि कूलंट तिथे येतं. तसं असेल तर रेडिएटरवरचा संशय कमी होईल. गाडी वर घेतली की दोन मिनिटांत कळतं.)

मग चेंबर ओलं कसं? कौलारू घर गळतं तेव्हा पाणी फुटक्या कौलाखालीच टपकत नाही. ते वाशावरून ओघळत भिंतीशी येतं आणि भलत्याच जागी पडतं. गाडीखाली तर वारासुद्धा असतो. पुढे कूलरच्या नळीवर सुटलेलं तेल वेगाबरोबर मागे ढकललं जातं, नळीच्या कडेने गिअरबॉक्सवर येतं आणि सगळ्यात खालचा भाग म्हणून चेंबरवर जमतं. त्यामुळे चेंबर ओलं दिसलं एवढ्यावरून चेंबर गळतंय असं म्हणता येत नाही, मग गिअरबॉक्स आतून खराब झालाय हे तर दूरच. बाहेरची गळती आणि आतला बिघाड ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याकडे दुर्लक्ष केलं की दुसरं होतं, एवढंच त्यांचं नातं.

डाग कशाचा आहे याची खात्री आधी करून घ्या. रात्री डागाच्या जागी पांढरा कागद किंवा स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने खुणा करून ठेवा. ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, नवं असताना लाल असतं. जुनं होत गेलं की तपकिरी पडतं, पण कागदावर पसरलेल्या कडेला लालसर छटा राहते. इंजिन ऑइल, विशेषतः डिझेलचं, काळं दिसतं. कूलंटही काही गाड्यांत लाल किंवा गुलाबी असतं, पण ते बोटांना पाण्यासारखं लागतं आणि पाण्यात मिसळून जातं, तेल मात्र तरंगतं. ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं. पॉवर स्टिअरिंग तेलावर चालणारं असेल तर त्यात बऱ्याचदा हेच लाल तेल असतं, म्हणून बॉनेट उघडून त्याच्या छोट्या टाकीची पातळी आधी बघा. ती खाली गेली असेल तर गिअरबॉक्सवरचा संशय बराच कमी होतो.

आता निकडीचं. तुमचा प्रश्न दीड लाख की औषध असा आहे, पण त्याआधी या क्षणी गिअरबॉक्समध्ये तेल किती आहे हे कळायला हवं. ते कळेपर्यंत गाडी कुंभार्ली घाटात नेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गिअरबॉक्सचा पंप चेंबरच्या तळातून, फिल्टरमधून, तेल ओढतो. पातळी खाली गेलेली असली तरी सपाट रस्त्यावर फिल्टरचं तोंड तेलात बुडलेलं राहतं, म्हणून गाडी नीट चालतेय असं वाटतं. चढणीवर आणि वळणांवर तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच पुरते आवळले न जाता घसरायला लागतात. घाटात उष्णताही जास्त असते. क्लचच्या प्लेटांवरचा कागदासारखा थर अशा घसरणीत फार लवकर जळतो. काही शे रुपयांच्या क्लिपचं काम दीड लाखावर जातं ते या मार्गाने.

डॅशबोर्डवर दिवा नाही याचा आधार घेऊ नका. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी मोजणारा सेन्सरच नसतो. दिवा लागतो तो तापमान वाढल्यावर किंवा गिअर घसरतोय हे संगणकाला कळल्यावर, म्हणजे नुकसान सुरू झाल्यावर.

गळतीचा वेग तुम्ही घरीच काढू शकता. साधारण 20 थेंबांचं एक मिलिलिटर होतं. रात्रभरात पुठ्ठ्यावर दहा-पंधरा थेंब पडत असतील तर उभ्या गाडीतून महिन्याला 20 मिलीच्या आसपास जातं, हे फार नाही. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला 72 मिली आणि महिन्याला दोन लिटरच्या वर, म्हणजे गाडी जागची हलवायची नाही. पण फक्त उभ्या गाडीचा हिशेब फसवा ठरू शकतो. कूलरच्या नळ्यांत दाब असतो तो इंजिन चालू असतानाच. तिथली गळती रात्री जेमतेम थेंबथेंब दिसेल आणि चालत्या गाडीत कितीतरी जास्त असेल. याच्या उलटही होतं: गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली उतरतं, चेंबरमधली पातळी वाढते आणि एरवी कोरडं राहणारं सिलेक्टर शाफ्टचं (गिअर निवडणाऱ्या दांड्याचं) सील फक्त तेव्हाच गळतं. म्हणून आठवडाभर रोज एका ओळीची नोंद ठेवा: गाडी किती चालली, किती तास उभी होती, पुठ्ठ्यावर काय दिसलं. मिस्त्रीला हा कागद दिलात तर त्याचा अर्धा शोध वाचेल.

पातळी तपासणं हे मात्र घरच्या अंगणातलं काम नाही. गाडी चारही बाजूंनी समतल हवी, इंजिन चालू हवं आणि माणूस खाली हवा. ते लिफ्टवर किंवा पिटवरच व्हावं, नुसत्या जॅकवर कधीही नाही. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सला चेंबरवर किंवा बाजूला ओव्हरफ्लो प्लग, म्हणजे जादा तेल बाहेर पडायचं बूच, असतो. तेलाचं तापमान स्कॅनरवर बघतात. बहुतेक गाड्यांत ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असताना तपासायचं असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी दोन-चार सेकंद थांबवत फिरवायचा, परत पीवर आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच प्लग उघडायचा. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे: तेल भरायच्या भोकातून थोडं थोडं घालत राहायचं, ओव्हरफ्लोतून धार सुरू होऊन थेंबांवर येईपर्यंत.

इथे तीन चुका हमखास होतात. इंजिन बंद ठेवून प्लग उघडला तर कन्व्हर्टरमधून उतरलेलं तेलही बाहेर येतं, तेल भरपूर आहे असा समज होतो आणि गाडी आणखी रिकामी होते. तेल खूप गरम असताना तपासलं तर ते फुगलेलं असतं, धार जास्त येते आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. तिसरी चूक म्हणजे जास्त झालं तर काय बिघडतं म्हणून लिटरभर वर घालणं. जादा तेल फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं, फेस ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून, बाहेर येतो आणि मग नवी गळती सापडली म्हणून शोध सुरू होतो. हल्ली दोन महिन्यांत कुणी अंदाजाने तेल वाढवलं होतं का, हेही आठवून बघा.

घालायचं तेल नेमकं त्या गिअरबॉक्ससाठी सांगितलेलंच हवं. लाल आहे म्हणून सगळं सारखं नसतं. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाई आणि कियाचं एसपी-4, जुन्या पद्धतीचं डेक्सरॉन-3 हे दिसायला जवळपास एकाच रंगाचे, पण दाटपणा आणि घर्षणाचे गुण वेगळे. सहा गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्सना पातळ तेल लागतं. त्यात जुनं दाट तेल पडलं तर गिअर बदलताना झटके बसू शकतात. बाटलीवरचं नाव बघा आणि बिलावर लिहून घ्या.

पातळी बरोबर केल्यावर सकाळचा रिव्हर्स पुन्हा तपासा. उशीर गेला तर तो तेलाच्या कमतरतेचा होता आणि आतलं दुखणं अजून जडलेलं नाही, अशी चांगली आशा धरता येते. राहिला तर पुढचं बोलूच.

आता गळतीचा उगम. याला एकच खात्रीचा उपाय आहे आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो: सगळं धुऊन कोरडं करणं. चेंबर, गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजू, कूलरच्या नळ्या पार रेडिएटरपर्यंत आणि गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडला जातो तो भाग डीग्रीझर आणि ब्रशने साफ करायचा, शेवटी ब्रेक क्लीनर मारून पुसायचा. जोराच्या पाण्याचा फवारा वायरच्या कनेक्टरवर आणि गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरवर मारू देऊ नका. गरम सायलेन्सरजवळ ब्रेक क्लीनर फवारणं म्हणजे आग ओढवून घेणं, म्हणून इंजिन थंड असतानाच हे काम. कोरड्या धातूवर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवला तर तेलाचा पहिला ओघळ त्यावर गडद रेघ उमटवतो. मग गाडी 15 ते 20 किलोमीटर सपाट रस्त्यावर, पातळी भरलेली असताना, फिरवून लगेच वर घ्यायची. टॉर्च घेऊन सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधायचा. खालचे आणि मागचे ओघळ त्याचे परिणाम असतात. यातूनही नेमकं कळलं नाही तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून दोन-तीन दिवस गाडी वापरली की अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली गळतीची जागा पिवळट-हिरवी उजळते. ओव्हरहॉलच्या अंदाजापुढे याचा खर्च अगदी किरकोळ आहे.

तुमच्या गाडीत मी आधी कूलरच्या नळ्यांचे चारही जोड बघायला सांगेन. रबरी पाइप धातूच्या नळीवर चढतो ती जागा, आणि रबर धातूच्या टोपीत दाबून बसवलेलं असतं ती जागा. पहिल्या ठिकाणी पाइपचं टोक कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर क्लिप कितीही आवळा, ते धरणार नाही. उलट जास्त आवळल्यावर रबर कापलं जातं. पाइप नवा घ्यायचा, तो गिअरबॉक्सच्या तेलाला चालणाराच हवा. साधा पाण्याचा किंवा कूलंटचा पाइप लावला तर गरम तेलाने तो आतून फुगून मऊ पडतो आणि रस्त्यात निसटू शकतो. क्लिपही नवी. दाबून बसवलेला जोड पाझरत असेल तर त्यावर एम-सील थापू नका, अख्खी नळी बदला. आटे असलेला जोड असेल तर त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) किंवा वॉशर नवा लागतो, आणि ॲल्युमिनियमच्या कूलरमध्ये पाना जोराने फिरवला तर आटे जातात. नवा रेडिएटर बसवताना आटे आधीच गेले असतील, तर तोही शोध इथेच लागेल.

रेडिएटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. कूलर रेडिएटरच्या टाकीत असेल आणि तो आतून फुटला, तर बाहेर एक थेंबही न पडता कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. तेल गुलाबी दुधासारखं दिसतं. तुमच्या भागात याचं दुसरंही कारण असू शकतं: जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं, तेव्हा ही गाडी पाण्यात होती का? गिअरबॉक्स बुडाला असेल तर ब्रीदरमधून पाणी आत शिरू शकतं. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन सुरूच करू नका. पाण्याने क्लचच्या थराचा चिकटा सुटतो, आणि अशा वेळी गिअरबॉक्स खोलावा लागणं बहुतेक अटळ असतं.

नळ्या कोरड्या निघाल्या तर चेंबरची कड. तिथल्या पॅकिंगला सात-आठ वर्षांत कडकपणा येतो, आणि आपल्याकडच्या वर आलेल्या दगडांनी किंवा उंच गतिरोधकांनी चेंबरला खालून धक्का बसून कड वाकलेली असते. पॅकिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. तेल काढायचं, चेंबर सोडायचं, जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, कारण लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तेच पुढे गळतात. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टांच्या भोकांपाशी फुगलेली असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करायची. हे बोल्ट लहान असतात, बऱ्याच गाड्यांत त्यांना 7 ते 12 न्यूटन मीटर एवढीच पकड लागते. मोठ्या पान्यावर जोर लावला की एकतर कड वाकते, नाहीतर गिअरबॉक्सच्या अंगातले आटे निघतात, आणि मग खरोखर मोठं काम निघतं. म्हणून 'बोल्ट आवळून बघतो' या सल्ल्याला सावधपणे हो म्हणा. टॉर्क रेंच (किती जोर लागला ते मोजणारा पाना) असेल तरच, आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून. जिथे कंपनीने रबरी पॅकिंग दिलंय तिथे वरून सिलिकॉन फासू देऊ नका. जादा सिलिकॉन आत दबून त्याचे तुकडे फिल्टरच्या जाळीत अडकतात.

चेंबर उघडलंच तर तिथे उभं राहून आतली चुंबकं बघा. त्यांवर राखाडी, मेणासारखा बारीक गाळ असणं एवढ्या किलोमीटरला साहजिक आहे. चकाकणारे तुकडे, पितळी कण किंवा जळकट वासाचा काळा चुरा सापडला तर आत झीज झाली आहे. ओव्हरहॉलची भाषा पटण्यासारखी होते ती हे दिसल्यावर, किंवा पातळी बरोबर असूनही गाडी घसरत असेल तेव्हा. उंबऱ्यापुढच्या डागावरून नव्हे. फोटो काढून ठेवा.

बाकीच्या जागा लवकर सांगतो. ड्रेन आणि ओव्हरफ्लो प्लगचे वॉशर दर वेळी नवे लागतात. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या वायरच्या कनेक्टरची ओ-रिंग आणि स्पीड सेन्सरची ओ-रिंग, दोन्ही बाहेरून बदलता येतात. मागच्या टोकाला प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) शिरतो तिथलं सील शाफ्ट उतरवून बदलतात, पण नवं सील बसवण्याआधी शाफ्टच्या नळीवर खाच पडली आहे का हे बोटाने चाचपायला सांगा. खाच असेल तर नवं सीलही महिन्याभरात गळेल.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली, टॉर्क कन्व्हर्टर जिथे पंपात शिरतो ते पुढचं सील. बेल हाउसिंगच्या, म्हणजे या जोडावरच्या कवचाच्या, तळाच्या भोकातून तेल टपकत असेल तर संशय इथे जातो. तरी तिथेही रंग बघायचाच, कारण त्याच भोकातून इंजिनच्या मागच्या सीलचं काळं तेलही येतं, आणि वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून ओघळलेलंही. लाल तेल खरंच या सीलचं निघालं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, यात पळवाट नाही. पण उतरवणं म्हणजे ओव्हरहॉल नव्हे. गिअरबॉक्स न खोलता सील बदलता येतं. त्याबरोबर पंपातलं बुश झिजलंय का आणि कन्व्हर्टरच्या मानेवर खाच आहे का हे बघायचं, पंपाची बाहेरची ओ-रिंग बदलायची, आणि इंजिनचं मागचं सील तेव्हाच बदलून टाकायचं, कारण मजुरी एकच लागते. परत चढवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत बसलाय हे मोजून बघावं लागतं. तो अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो. हे काम नेहमी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवणाऱ्या माणसाकडेच द्या. खर्चाचे दोन वेगळे अंदाज लेखी मागा: नुसतं उतरवून सील बदलण्याचा, आणि खोलून दुरुस्तीचा.

लीक थांबवणाऱ्या औषधाबद्दल. ही औषधं रबराला फुगवतात आणि मऊ करतात. कडक झालेलं सील त्याने काही काळ धरतं, हे खरं आहे. पण सैल क्लिप, चिरलेला पाइप, वाकलेलं चेंबर यांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि तुमच्याकडे संशय नेमका त्यांच्यावर आहे. तेलाचे गुण बदलतात, चांगली सीलही फुगतात, आणि पुढे खरं कारण शोधणाऱ्याचं काम अवघड होतं. निदान होण्याआधी टाकू नका. पुढचंच सील गळतंय, थेंबच पडतात आणि गाडी वर्षभरात काढायचीच आहे, एवढ्याच स्थितीत मी त्याचा विचार करेन.

पुस्तकात तेल बदलायची गरज नाही असं लिहिलेलं असतं ते न गळणाऱ्या, नेहमीच्या वापरातल्या गाडीसाठी. त्याच पुस्तकात कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो का ते बघा: घाट, उष्मा, भरलेली गाडी हे सगळं तुमच्याकडे आहे. दुरुस्तीसाठी चेंबर उघडणार असाल तर फिल्टर आणि तेल त्याच वेळी बदलून घ्या. ड्रेन केल्यावर सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच राहतं. समजा एकूण 9 लिटर आहे आणि दर वेळी 3 लिटर निघतं, तर पहिल्या बदलात 33 टक्के, दुसऱ्यात 56 आणि तिसऱ्यात 70 टक्के तेल नवं होतं. हजार-दीड हजार किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदलणं पुरे. एवढी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीनने दाबाखाली फ्लश करायला मी सुचवणार नाही.

ज्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत त्यांनी आधी आपला गिअरबॉक्स कोणता ते बघावं. एएमटीत (क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या पद्धतीत) आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधं गिअर ऑइल असतं, वर क्लच चालवणारं छोटं यंत्र. काही गाड्यांत त्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळ्या टाकीत असतं आणि गळतं ते हे. सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) तेल लाल असेलच असं नाही आणि त्यात साधं एटीएफ चालत नाही. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-2 लागतं तसं प्रत्येकाचं वेगळं. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत मागच्या सीलऐवजी दोन्ही ॲक्सलची सीलं बघायची, चाकाच्या आतल्या बाजूला तेल उडालेलं असतं ती खूण. आणि जुन्या डिपस्टिकवाल्या गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे कंपनीगणिक बदलतं. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करून लगेच बघतात.

गाडी विकण्याचा निर्णय आज घेऊ नका. गळत्या गिअरबॉक्सची गाडी घेणारा दीड लाख आधीच वजा करून बोलेल, आणि तुमचं काम कदाचित एका पाइपचं आहे.

पाऊस तोंडावर आहे आणि ओल्या रस्त्यावर गाडीखालचं काही कळत नाही, म्हणून धुऊन बघण्याचं काम याच आठवड्यात करून घ्या. कराडची पुढची खेप त्याआधी आली तर सासऱ्यांसाठी दुसरी गाडी करा. गाडी गॅरेजपर्यंत न्यायची आणि पातळीची शंका असेल तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवणाऱ्या टोइंग ट्रकवरच, न्या. इंजिनची ताकद मिळणारी चाकं (तुमच्याकडे मागची) जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा घासतो. चालवताना डी टाकूनही गाडी उचलत नसेल, चढावर इंजिन नुसतं गर्जत असेल किंवा खालून धूर आणि जळकट वास येत असेल, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम सायलेन्सरवर पडलेलं हे तेल पेट घेऊ शकतं.

दुरुस्तीनंतर पुठ्ठा परत ठेवा: पहिल्या रात्री, आठवड्याने, आणि कुंभार्लीच्या पहिल्या फेरीनंतर. काढलेलं जुनं तेल गॅरेजने डब्यात साठवून जुनं तेल नेणाऱ्याकडे द्यायला हवं. घरी आणलंत तर ते विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात ओतू नका.